लेक असताना निराधार

आईचं डोकं भादरलं होतं. मी तिला आधी ओळखलंच नाही.

आश्रमाच्या अंगणात म्हाताऱ्या ओळीनं जेवायला बसल्या होत्या. सगळ्यांना एकाच रंगाचं जाडंभरडं लुगडं. सगळ्यांची डोकी सारखी. उवा होतात म्हणून आल्या दिवशीच केस उतरवायचे, असा तिथला नियम. त्या दिवशी गोंदियातल्या मोठ्या घरच्या बाया आपल्या हातानं वाढायला आल्या होत्या. पुरी वाढायची, म्हातारीनं हात जोडायचे, की पुढच्या पानाकडे.

मी फाटकाशी उभी. मॅनेजरनं हात आडवा घालून सांगितलं होतं, "खाना हो जाने दो, फिर मिलना." माझ्या हातात तेलाची बाटली होती. आईचं डोकं चोळून द्यायला आणलेली.

वाढणारी एक बाई आईपुढे थांबली. "अम्मा, तुम्हारा कौन है?"

आईनं हात जोडले. "कोनी नाही, माय."

बाईनं च् च् केलं आणि एक पुरी जास्त वाढली.

मी तिची लेक. पोटची. एकुलती. पंधरा पावलांवर उभी होते आणि ती सांगत होती, कोणी नाही.

आई नागऱ्याच्या बाजूच्या एका खेड्यात एकटी राहायची. बाप लवकर गेला. भाऊ झाला नाही. तिची झोपडी मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या आवारात. उभा जन्म तिनं त्याच्या घरचं धान कांडलं, गोठ्यातलं शेण काढलं. मालगुजारी कायद्यानं गेली होती, मालगुजार मात्र होता तिथंच बसून होता. पुढे धान गिरणीतून कांडून यायला लागलं. आईही थकली. झोपडीच्या जागेवर त्याला कोठार बांधायचं होतं. म्हातारीला हाकललं, असं लोकांनी म्हणू नये म्हणून त्यानं पुण्य करायचं ठरवलं. गोंदियात निराधार म्हाताऱ्यांचा आश्रम निघाला होता. चालवणाऱ्या पंचांत तो एक होता.

आईला तिथं धाडणार हे मला कळलं तशी मी मालगुजाराकडे धावत गेले. तो ओट्यावर बसलेला, मी खाली अंगणात.

"डोकरीले पोरगा हाये का?" त्यानं विचारलं.

"नाही. पन मी हाओ ना."

तो हसला. "तू? ते लेकीच्या घरी राहीन का? इचार तिलेच."

विचारायची गरजच नव्हती. आमच्यात आईबाप लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत. लेक दिली म्हणजे दिली. मी गोंदियाजवळ मुर्रीला, सासरी राहायची. आई सणावाराला भेटायला यायची, अंगणात बसायची, माझ्या पोरीला मांडीवर घ्यायची. तहान लागली की उठून शेजारणीकडे जायची. शेजारणीचं पाणी चालायचं. माझं नाही. रीतच तशी, म्हणून मला त्यात कधी वावगं दिसलं नव्हतं.

मालगुजाराला काही जोर लावावा लागला नाही. आमच्या रीतीनंच आईला बैलगाडीत बसवून आश्रमात पोचवलं. त्यानं फक्त बैल दिले.

जेवणं झाल्यावर मला आत सोडलं. आईनं मला पाहून पदर डोक्यावरून पुढे ओढला. तिच्या शेजारची म्हातारी बोलकी होती. म्हणाली, "माह्या बी तीन पोरी हायेत, बाई. चांगल्या घरी देल्ल्या." तिच्या पलीकडच्या म्हातारीला मुलगा होता, पण तो दुसऱ्याच्या गोठ्यात बैलांपाशी झोपणारा गडी. तिच्या पलीकडची दिराच्या पडवीत राहायची, दीर मेला तशी इथे आली. मी त्या ओळीकडे नुसती बघत राहिले. बीडीच्या कारखान्यात मुकादम खराब बिड्यांची छाट बाजूला टाकतो, तशा टाकलेल्या. आणि जवळजवळ प्रत्येकीला कोणी ना कोणी होतं. आपली म्हणता येईल अशी जागा तेवढी एकीलाही नव्हती.

मी तेलाची बाटली कमरेला खोचली.

"ऊठ," मी आईला म्हटलं. "घरी चाल."

"येडी झाली का वं? लेकीच्या घरी कशी राहू? लोक थुकतीन."

"मालगुजाराच्या घरचं उष्टं खाल्लं, तवा नाही थुकले? ह्या परक्या बाया वाढून राहिल्या, त्याहिच्या हातची पुरी चालते. माह्या हातचं पानी तेवढं पाप?"

पुरी जास्त वाढणारी बाई म्हणाली, "कैसी लड़की है! इतने अच्छे से तो रखा है यहाँ."

मॅनेजर धावत आला. "लड़का हो तो भेजो. लड़की को नहीं सौंपते. और घर में मर्द से पूछा है?"

"नाही इचारलं," मी म्हटलं. "बिड्या मी वळतो. घर मी बी चालवतो. आन हे निराधार नाही. तिले लेक हाये."

आईला दंडाला धरून उठवलं. ती मनानं उठली, असं मी म्हणणार नाही. मी उठवली.

मुर्रीला आल्यावर ती अंगणातच बसली. मी शेजारणीकडे गेले आणि सांगितलं, "आज माह्या मायले पानी देजो नोको." शेजारीण माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. थोड्या वेळानं आई उठून तिच्या दाराशी गेली. दार लागलेलं होतं. आई परत येऊन बसली. ओठ सुकलेले. जिभेनं ओले करत होती.

"माठ कुठी हाये, तुले ठाऊक हाये," मी म्हटलं आणि सूप मांडीवर घेऊन बिड्या वळायला बसले.

क्रूर होतं ते. मला कळत होतं. पान धड कापता येईना. उन्हं उतरली. मग आई उठली, उंबऱ्यापाशी थबकली, आणि आत गेली. लोटा माठात बुडाल्याचा आवाज आला.

मला आनंद झाला नाही. राग आला. मालगुजारावर आला, त्या बायांवर आला, आईवरही आला. लोटाभर पाण्यासाठी तिला आधी डोकं भादरून घ्यावं लागलं होतं. मी पदर तोंडात कोंबून रडले.

नवरा रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाल होता. काही दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मग एका संध्याकाळी कुठूनशी एक बाज घेऊन आला आणि आईसाठी टाकली. शेजारपाजार कुजबुजला. मालगुजाराचा गडी निरोप घेऊन आला, की डोकरीले परत पाठव, आश्रमाचं नाव खराब होऊन राहिलं. मी त्याला आल्या पावली परत धाडला. आई माझ्याच घरी राहिली आणि माझ्याच घरी मेली. लोक म्हणाले, लेकीच्या दारात मेली बिचारी. मेल्यावर त्यांना तिची कीव येत होती, आश्रमात होती तेव्हा कोणाला आली नव्हती.

मलाही मुलगा नाही. एक मुलगी. आता तिला बघायला पाहुणे यायला लागलेत. पहिल्या बैठकीतच मी सांगितलं, म्हातारपणी मी हिच्याकडे येणार. हिच्या घरचं जेवणार, पाणी पिणार, तिथंच मरणार. चालत असेल तर पुढचं बोला.

पहिले पाहुणे चहा न घेताच उठले. दुसरे आले, त्यांनाही हेच सांगितलं. पुढचे येतील, त्यांनाही हेच सांगेन.