विस्तव घेऊन पुढे

आप्पांच्या अंत्ययात्रेत मी स्मशानात पोचलो, आप्पा पोचले नाहीत.

निपाणीच्या अलीकडे आमचं गाव. आमच्या घराण्यात कॉलेज पुरं केलेला मी पहिला आणि नोकरीसाठी बेळगावात, खासबागेत राहायला गेलो म्हणून वाया गेलेलाही पहिलाच. त्या दिवशी विस्तवाचं मडकं माझ्या हातात देताना चुलते, म्हणजे अण्णा, चारचौघांदेखत म्हणाले, "गल्ल्या तरी ध्यानात हाईत न्हवं सायबाच्या?"

"झोपेत चालीन," मी म्हणालो. (बाप गेला म्हणून माज जातो असं नाही.)

"मग चल म्होरं. विस्तव घेतल्यावर माघारी बघायचं न्हाय. कुणी हाळी दिली तरी न्हाय."

मी एकुलता एक. आप्पांसाठी करण्यासारखं एवढंच उरलं होतं, ते तरी चोख करायचं होतं. मागे तिरडी, तिच्यामागे भजनाचे टाळ. पाटील गल्ली झाली. सुतार गल्लीत, आप्पा औत दुरुस्तीला आणायचे तेव्हा मी लाकडाच्या सालपटांत खेळायचो, ते आठवलं. डोळे भरले. भरल्या डोळ्यांनीच एका चरावरची फळी ओलांडली आणि मारुती गल्लीत शिरलो.

मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, हिकडं न्हवं!" मी मान वळवली नाही. "ऐक की रं!" नाहीच. हळूहळू टाळ ऐकू येईनासे झाले. मला वाटलं, भजनकऱ्यांना गहिवरून आलं.

दारात तांदूळ निवडत बसलेल्या एका आक्कांनी मडक्याकडे बघितलं, मग माझ्या मागे. "आप्पा कुठं हाईत रं?"

"मागं हाईत."

"मागं कुत्रं बी न्हाय."

(तरी वळलो नाही. शिकलेला माणूस नियम पाळायला लागला की पाळतोच.)

स्मशानात रचलेल्या लाकडांपुढे मी धुरकटलेलं मडकं धरून एकटाच उभा. ऊन उतरायला लागलं तेव्हा अण्णा धापा टाकत आले.

"गटारीसाठी मारुती गल्ली खणलीया. फळीवरनं तिरडी येतीया व्हय? समदी मयतं आता शाळा गल्लीनं जातात."

"मग आधी सांगायचं की."

"सांगणार हुतो. तू म्हणालास, झोपेत चालतो."

"तिरडी कुठं हाय?"

"शाळा गल्लीच्या तोंडाला. विस्तव म्होरं न्हाय तर ती हलंल कशी? खांदं बदलून बदलून माणसं हुबी हाईत."

अण्णांनी माझं कोपर धरलं ते सोडलंच नाही. आंधळ्याला न्यावं तसं मला तिरडीपर्यंत नेलं आणि तसंच पुन्हा स्मशानात. "डावीकडं वळ. आता सरळ. दगड हाय, बघ." शाळा गल्लीतल्या बायका पदर तोंडाला लावून बघत होत्या, सगळ्याच रडत नव्हत्या. मी दर सुट्टीला येतो म्हणायचो आणि आप्पा स्टँडवर वाट बघत बसायचे. शेवटच्या दिवशीही मी त्यांना वाट बघायला लावली.

दिवस बुडता बुडता अग्नी दिला.

आता गावात कुणी गेलं की विस्तव धरणाऱ्याचं कोपर धरायला एक माणूस नेमतात. कारण विचारलं तर माझं नाव सांगतात. गावात माझ्यामुळे झालेली सुधारणा ती एवढीच.