रेंजताई आणि तळघरातला फोन

शिलाईवाल्या बाईनं फोन काउंटरवर अगदी हळू ठेवला, जणू त्याला लागेल, आणि म्हणाली, "ताई, हा माझ्या बहिणीचा फोन एक दिवस तिचा जीव घेणार."

रेंजताईंनी डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं. "बसा. आधी पाणी प्या. मग पहिल्यापासून सांगा."

रेंजताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एका मोबाइल कंपनीच्या तक्रार विभागात कानाला हेडफोन लावून त्यांनी अकरा वर्षं काढली होती. समोरच्या कागदावर छापलेलं एकच उत्तर दिवसातून शंभरदा द्यायचं, फोन बंद करून चालू करा. एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांना त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं, "काका, तुमचा फोन ठणठणीत आहे, आमचाच टॉवर चार दिवस बंद आहे." साहेबांनी सगळ्यांदेखत झापलं. बाईंनी त्याच संध्याकाळी राजीनामा दिला आणि दोन खुर्च्या मावतील एवढा गाळा घेतला. बाकीचे दुकानदार काचा बदलत बसायचे. ह्या मात्र गिऱ्हाइकाच्या घरी जायच्या, माळ्यावर चढायच्या, जिन्याखाली वाकून बसायच्या आणि रेंज नेमकी कुठे मरते त्याचा छडा लावायच्या. गल्लीनं नाव पाडलं, ते चिकटलं.

शिलाईवालीची धाकटी बहीण एका कचेरीच्या तळघरात जुन्या फायली सांभाळायची. वय सव्वीस. लहानपणापासून मधुमेह. साखर उतरली की माणसाला घाम फुटतो, हात कापतात. पण हिला अलीकडे त्यातलं काही जाणवतच नसे. बोलता बोलता कोसळायची. म्हणून दंडावर बटणाएवढा सेन्सर चिकटवलेला होता. साखर उतरली की सेन्सर तिच्या फोनला सांगणार, तो फोन नेटवरून थोरलीच्या फोनला सांगणार, आणि दोन्हीकडे घंटा.

"परवा मला घंटा आली ती चाळीस मिनिटं उशिरा," थोरली म्हणाली. "तिचा फोन टेबलावर वाजत होता, आणि ही मागच्या रॅकखाली पडलेली. शिपायाला तिची चप्पल दिसली म्हणून वाचली. कंपनीला विचारलं तर म्हणे टॉवर चांगला आहे. नवा फोन दोन महिन्यांनी घेणारच आहोत, पण तोवर काय करू?"

"उद्या मी तिच्या तळघरात येते," रेंजताई म्हणाल्या.

तळघरात डोक्यावरून पाण्याचे नळ गेले होते, छतापर्यंत लोखंडी रॅक होते आणि जुन्या कागदाचा वास नाकात बसत होता. मोबाइलची रेंज म्हणाल तर दारापाशी एक काडी, रॅकमागे तीही नाही. पण कचेरीचं वायफाय खालपर्यंत पोचत होतं. रेंजताईंनी आपले दोन फोन आणि धाकटीचा एक असे तिन्ही एका टेबलावर ठेवले आणि दर पाच मिनिटांनी लॅपटॉपवरून तिन्हींवर संदेश पाठवायला सुरुवात केली. त्यांच्या फोनांवर संदेश लगेच यायचे. धाकटीच्या फोनवरही यायचे, पण पडदा उजळलेला असेपर्यंतच. पडदा विझला की सगळं सामसूम. बोट लावलं की तुंबलेले संदेश एकदम धो धो.

त्यांनी बॅटरी वाचवण्याची झाडून सगळी बटणं बंद केली. तेच. सिम बदललं. तेच. वर जाऊन फोन राउटरच्या शेजारी ठेवला. तरी तेच.

"भिंतीचा दोष नाही, वायफायचाही नाही," त्या म्हणाल्या. "पडदा विझला की तुझा फोन नेट तोडून आतूनच झोपतो; सेन्सरचं ऐकतो, पण पुढं कळवत नाही. कंपनीनं भरलेली प्रणालीच तशी आहे, आणि ह्या मॉडेलला आता तीन वर्षं त्यांनी वाऱ्यावर सोडलंय."

"मग ताई, उपाय?"

"ती प्रणाली पुसायची आणि हौशी लोकांनी सुधारून बनवलेली दुसरी भरायची. होतं. पण चुकलं तर फोनची वीट होते, नुसती उशाला घेण्यापुरती. माझ्या हातून एक झालीय. खोटं सांगणार नाही."

धाकटी हसली. "तसाही तो काय कामाचा आहे?"

सेन्सर दर दोन आठवड्यांनी बदलावा लागे. जुन्याची मुदत मंगळवारी सकाळी अकराला संपत होती, म्हणून तेव्हाच रेंजताईंच्या गाळ्यात बसायचं ठरलं. फोन तयार झाला की नवा सेन्सर त्याला जोडायचा. मधल्या वेळात राखण करणारी घंटा नव्हती, म्हणून दर पंधरा मिनिटांनी बोटाला सुई टोचून साखर बघायची. रेंजताईंनी त्यासाठी स्वतःच्या फोनवर गजर लावला. थोरलीला एका नवरीचं माप घ्यायला जाणं भाग होतं. निघताना तिनं दोनदा मागं वळून पाहिलं.

"अहो, मी आहे ना इथे," रेंजताई म्हणाल्या.

फोटो, नंबर, सगळं आधी उतरवून घेतलं. फोनचा ओळख क्रमांक ज्या कप्प्यात असतो त्याचीही नक्कल काढून ठेवली; तो गेला तर कुठलाच टॉवर फोनला दारात उभं करत नाही. सव्वाअकराला धाकटीची साखर एकशे अठरा. ती स्टुलावर बसून जुनं वर्तमानपत्र चाळत होती. रेंजताईंनी वायर लावली आणि लॅपटॉपवर हिरवी पट्टी सरकू लागली.

आणि फोनचा जोड खटकन तुटला. चार्जिंगचं भोक सैल झालेलं. वायर किंचित वर उचलून धरली तरच जोड टिकत होता. रेंजताईंनी पहिल्यापासून सुरुवात केली आणि दोन बोटांनी वायर धरून बसल्या. बोटं आखडली, श्वाससुद्धा जपून चालला होता. मध्येच गजर वाजला, तो त्यांनी कोपरानं बंद केला. एवढं होऊ दे, मग बघू.

पट्टी साठावर गेली. सत्तरावर.

"ही फाइल इथे कोणी ठेवली?" धाकटी म्हणाली.

"कुठली गं?"

"ही फाइल इथे कोणी ठेवली?"

रेंजताईंनी मान वर केली. धाकटीच्या हातात काहीच नव्हतं. वरच्या ओठावर घामाचे थेंब होते आणि नजर समोरच्या कपाटाच्या आरपार गेलेली. साखर उतरलीय, हे रेंजताईंना कळलं. पण बोटं वायरवरून सुटेनात. एकाहत्तर. बाहत्तर. टॉवरशी बोलणारा रेडिओचा भाग भरला जात होता, इथे सोडलं तर फोन गेलाच म्हणायचा. दोन सेकंद, फार तर तीन, त्या पट्टीकडेच बघत राहिल्या.

मग त्यांनी वायर सोडून दिली.

धाकटी स्टुलावरून कलत होती. तिला काखेत धरून त्यांनी भिंतीला टेकवलं, तिच्या पर्समधली ग्लुकोजची पुडी दातांनी फाडली, पाण्यात कालवली. "गीळ. माझ्याकडे बघ. गीळ, बाई." पहिला घोट हनुवटीवरून ओघळला, दुसरा आत गेला. सुई टोचली, एकेचाळीस. आणखी घोट. दहा मिनिटांनी अडुसष्ट. पाऊण तासानं धाकटीनं स्पष्ट आवाजात विचारलं, "झाला का फोन?"

"मेला," रेंजताई म्हणाल्या, आणि त्यांना हसू आणि रडू एकदमच आलं.

थोरली आली तेव्हा त्यांनी तिच्यापासून काही लपवलं नाही. गजर बंद केल्याचं सांगितलं, ते तीन सेकंदही सांगितले. थोरलीनं बहिणीच्या कपाळावर हात ठेवला.

"मीही जायला नको होतं," ती म्हणाली. "आता मी हिच्याजवळ बसते. तुम्ही फोनचं बघा."

रेंजताईंनी आधी चार्जिंगचं भोक बदललं, खरं तर ते सगळ्यात आधी करायला हवं होतं. काळा पडलेला फोन दोन बटणं दाबून धरल्यावर तिसऱ्या प्रयत्नाला लॅपटॉपला दिसला. रेडिओचा भाग पुन्हा भरला, मग बाकीची प्रणाली. साडेतीनला पडदा उजळला, पण रेंजच्या जागी फुली. ओळख क्रमांक उडाला होता. काढून ठेवलेली नक्कल परत घातली, फोन चालू केला आणि तिघीही त्या फुलीकडे डोळे लावून बसल्या. फुली गेली. एक काडी, मग तीन.

दुसऱ्या दिवशी तळघरात, सर्वांत मागच्या रॅकशी, पडदा विझलेला फोन खिशात घालून धाकटी अर्धा तास उभी राहिली. वर जिन्यात थोरलीच्या हातातला फोन नव्या सेन्सरचा आकडा घेऊन दर पाच मिनिटांनी वाजत होता, एकदाही न चुकता.

नवा फोन यायला दोनाचे चार महिने लागले. तेवढ्यात खरी घंटा दोनदा झाली, आणि दोन्ही वेळा थोरलीनं मिनिटाच्या आत कचेरीत फोन करून माणूस तळघरात पाठवला. रेंजताई अजूनही असली कामं घेतात. पण फोनवर कुणाचा जीव टांगलेला असेल तर त्या माणसाजवळ घरचं कोणीतरी बसलेलं असल्याशिवाय वायरीला हात लावत नाहीत.