हळदीची चिमूट

विमलताईंच्या घरी आधी अडुळशाचा वास येतो, मग माणूस दिसतं. तो वास त्यांच्या नवऱ्याचा, वामनरावांचा. ते गेले तरी पडवीतून हटलेला नाही. मी शेजारीण, भिंतीला भिंत लागून, त्यामुळे तो माझ्याही वाट्याला येतो.

वामनराव पांढरकवड्याजवळच्या काढ्याच्या कारखान्यात भट्टीवर होते. उकळून उरलेला चोथा लोक नाल्यात फेकत. हे मात्र तो घरी आणून थंड करत आणि त्यावर हिरवी बुरशी वाढवत. तुरीच्या बुडाशी ती घातली की मर रोग आटोक्यात राही. नव्या चोथ्यात जुन्यातली मूठभर मिसळायची, विरजणासारखी. पहिलं विरजण त्यांच्याच हातचं.

ते गेल्यावर विमलताई ढिगाशी बोलू लागल्या. गोणपाट उचललं की आतून ऊब येई. "झोपले का?" त्या विचारत. ऐकून माझ्या अंगावर काटा येई, पण त्यांच्या तोंडी कोण लागणार! स्वतःच्या कपाळाचं कुंकू पुसलं गेलं, म्हणून त्या रोज ढिगाला हळदीची चिमूट वाहत.

काही महिन्यांत हिरवं काळं पडलं. ऊब गेली, सडका वास सुटला. तेव्हा त्यांना आठवलं, हळदीचा चोथा वामनराव घरात घेतच नसत. "हयद जखमेतले जंतू मारते, मंग आपले कायले सोडीन?" म्हणत.

"मीच मारलं त्यायले, दुसऱ्यांदा," विमलताई रडत म्हणाल्या. पडवीत वामनरावांसारखं कुणी खोकतं, म्हणून त्यांची झोपही उडाली. खोटं कशाला सांगू, एकदा मलाही ऐकू आलं.

शेवटी मीच त्यांना झरी जामणीकडे उकंडा नावाच्या शेतकऱ्याच्या शेतावर नेलं. वामनरावांनी त्याला गोणीभर बुरशी दिली होती. उकंडानं पळसाखालचं शेणखत उकरलं. आत हिरवं होतं.

"काकाजीनं सांगतलं व्हतं, थोडं राखून ठेवजो. राखलं."

विमलताईंनी त्यातली मूठभर नाकाशी नेली. वास नुसता शेणाचा होता, तरी म्हणाल्या, "हेच हायेत."

नव्या चोथ्यावर आता पुन्हा हिरवं धरलंय. परवा मी गेले तेव्हा सवयीनं त्यांची चिमूट ढिगावर गेली आणि तिथेच थांबली. त्यांनी हळद पदराला पुसली, गोणपाट हळूच पांघरलं.

"रागावू नका," त्या ढिगाला म्हणाल्या. "आता काही वाहत नाई. तुमी जाऊ नका, बस."