भांगाचं पाणी

‘हवापालट’ हा शब्द कुणी काढला देव जाणे. माणसाला गोड बोलून घराबाहेर काढायचं असलं की तो फार कामाला येतो. माझं दुसरंही बाळ पोटातच गेलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हिला जरा हवापालटाला पाठवा." आईवडील नव्हते, त्यामुळे माहेर म्हणजे एक दादा. आणि दादा त्या साली तारापूरला, अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं तिथं, भांडारात नोकरीला होता. राहायला जवळच चिंचणीत दोन खोल्या, पुढे ओटी, मागे सुरूची झाडं आणि त्यांच्यापलीकडे समुद्र. कऱ्हाडच्या मंडळींनी एवढं ऐकलं आणि सगळ्यांना एकदम समुद्राच्या हवेचे गुण आठवले.

हे मला सोडायला बोईसरपर्यंत आले. स्टेशनाबाहेर एस.टी.त बसवून देताना खिडकीशी उभं राहून म्हणाले, "वटपौर्णिमेला तू घरी असशील. त्याआधी येतो न्यायला." यांचा स्वभाव बोलण्याचा नव्हता. त्यामुळे ते जे थोडं बोलत, ते मी जपून ठेवायची. माझी पत्र्याची पेटी मी कऱ्हाडलाच ठेवली होती. परत जायचंच आहे, मग एवढं ओझं कशाला, असं मीच म्हटलं होतं. बरोबर एक पिशवी, तिच्यात दोन पातळं आणि फणी-करंडा.

वहिनी वाईट नव्हती. चहा आधी मला द्यायची, भाकरी पहिली माझ्या ताटात टाकायची. फक्त तिचं बाळ, चार-पाच महिन्यांचं, ते कधी माझ्याकडे द्यायची नाही. मी हात पुढे केले की, "आत्ताच डोळा लागलाय, वन्सं," किंवा, "थांबा, दूध ओकेल तुमच्या अंगावर." एकदा तर डोळे टक्क उघडे ठेवून ते माझ्याकडे बघून हसत होतं, तरी वहिनी म्हणाली, "झोपतंय हो." मी हात मागे घेतले. दोनदा रिकाम्या झालेल्या बाईच्या मांडीवर आपलं मूल कोण देईल? मला तिचा राग यायला हवा होता. पण मला माझ्या हातांचाच राग यायचा.

दुपारी बोईसरहून एस.टी. यायची. ती थांबून पुढे गेल्याचा आवाज येईपर्यंत मी ओटीवर गहू निवडत बसायची. त्या उन्हाळ्यात दादाच्या घरच्या गव्हात औषधालासुद्धा खडा राहिला नाही, इतका मी तो निवडला.

अशात ती मॅडम आली. केंद्राच्या कामावर अमेरिकेतून जे इंजिनिअर आले होते, त्यांतल्या एकाची ती बायको. उंच, नाकावर उन्हानं साल निघालेली, आणि दिवसभर करायला काही नाही. तिला नऊवारी नेसायला शिकायचं होतं. थोडं इंग्रजी समजेल अशी बाई तिनं दादाच्या साहेबाकडे मागितली, साहेबानं दादाला सांगितलं, आणि दादानं मला पुढे केलं. माझं इंग्रजी मॅट्रिकपर्यंतचं. मी तिला नेसवून दाखवलं, तिनं आरशात पाहून टाळ्या पिटल्या, आणि म्हणाली, आता मी तुला काहीतरी शिकवणार. दुसऱ्या दिवशी तिची जीप आली, ती मागून एक लांबच लांब फळी बाहेर काढूनच.

वहिनी दारात येऊन बघत राहिली. "एवढा मोठा पाट? हिच्याकडे जेवायला बसतात तरी किती?"

ती लाटेवर उभं राहायची फळी होती. मॅडमच्या गावी, कॅलिफोर्नियात, पोरीबाळी सुट्टीत हा खेळ खेळतात म्हणे. फळीवर पालथं पडायचं, हातांनी पाणी मारत लाटेच्या पुढे जायचं, लाटेनं उचललं की उठून उभं राहायचं. मी दादाकडे पाहिलं. वाटलं, हा नको म्हणेल आणि मी सुटेन. पण साहेबाच्या साहेबाची बायको! दादा म्हणाला, "जा की. हवापालटालाच आलीयेस ना?"

आमच्याकडे मासळी घेऊन एक मावशी यायची. वहिनी तिच्याकडून सुके बोंबील घ्यायची. मॅडम मला घेऊन निघाली तेव्हा मावशी ओटीवरच पाटी उतरवत होती. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाली, "आज कशाला जातेस? आज भांग हाय."

माझा हात झटकन डोक्याकडे गेला. भांग वाकडा पडलाय की काय, घाईत केस नीट विंचरले नव्हते. मावशी इतकी हसली की पाटीतला बोंबील खाली पडला.

"तुजा भांग नाय गो! दर्याचा! अष्टमीचा भांग. पानी धड चढायचा नाय, धड उतरायचा नाय. आता पुनवेला बघ कसा उधान येते."

अष्टमीच्या आसपास भरती मंद असते, तिला तिकडे भांग म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. आम्ही कृष्णाकाठची माणसं. आमच्या नदीला पूर येतो नाहीतर ती आटते. आलेलं पाणी जागच्या जागीच घुटमळतं, ही गोष्टच मला नवी होती. नवी कसली, दोन महिने मी तेच तर करत होते. सासर सुटलं नव्हतं आणि माहेर लागत नव्हतं.

पण पुनवेचं नाव ऐकून मला बरं वाटलं. पौर्णिमा म्हणजे वटपौर्णिमाच. पाणी चढत जाईल तसे यांचे यायचे दिवस जवळ येतील, असा हिशेब मी मनात मांडला. वेड्यासारखा होता, पण मला दुसरा कुठला हिशेब जमेना.

पहिला धडा कोरड्या वाळूवर. मी काष्टा घट्ट मारला होता. मॅडमनं मला फळीवर पालथं झोपवलं. पालथं! कऱ्हाडला मी परसात पाय पसरून बसले तरी सासूबाई खाकरायच्या, आणि इथं बोंबील वाळत घालणाऱ्या दहा बायका माझी पाठ बघत होत्या. लाजेनं मी वाळूत तोंड खुपसलं. मॅडम वरून ओरडली, "अप! स्टँड अप!"

आता आमच्या शाळेत ‘स्टँड अप’चा अर्थ एकच. पाठांतर चुकलं की बाकावर उभं राहायचं, टाचा जुळवून, हात मांड्यांना चिकटवून, मान ताठ. इंग्रजीच्या मास्तरांनी मला एवढं एकच वाक्य पक्कं शिकवलं होतं. मी उठले आणि तशीच उभी राहिले. मॅडम हसायला लागली. माझे गुडघे धरून वाकवले, पाय एकापुढे एक आडवे ठेवले, हात पसरले. "नो सोल्जर," म्हणाली. मी मान डोलावली. पण पाण्यात गेल्यावर तिनं मागून फळी ढकलून "स्टँड अप" म्हटलं, की माझं अंग ऐकायचंच नाही. लाट यायची, मी उठायची, टाचा जुळायच्या, हात मांड्यांना चिकटायचे, आणि शिक्षा झालेल्या पोरीसारखी सरळसोट मी गढूळ पाण्यात पडायची.

नाकातोंडात खारट पाणी, काष्ट्यात शेरभर वाळू. किनाऱ्यावरच्या बायका लुगड्याचा पदर तोंडाला लावून हसायच्या. मला रडू यायचं, आणि पाण्यात ते कुणाला दिसत नसल्यामुळे मी मनसोक्त रडून घ्यायची. घरात रडायला जागा नव्हती. दोन खोल्यांत कुणाचं काय लपतं? खरं सांगायचं तर मी त्या फळीसाठी जात नव्हते. रडायला जात होते.

मॅडमला काय कळलं, कुणास ठाऊक. एकदा वाळूवर बसून तिनं विचारलं, मुलं किती? मी दोन बोटं दाखवली. मग ती बोटं मिटली. दुसरं काही इंग्रजी मला सुचलं नाही. ती माझ्या केसांतली वाळू झटकू लागली.

पाणी रोज थोडं चढू लागलं. वारा दक्षिणेकडचा झाला. मावशीच्या लोकांनी होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारल्या. लाटा आता वाळूवर येऊन नुसत्या विरत नव्हत्या, आपटत होत्या. यांचा पत्ता नव्हता. दादा म्हणायचा, "येतील गं, रजा मिळत नसेल." वहिनी भाकरी उलटत राहायची. तिला माझ्यापेक्षा आधी कळलं असावं.

पौर्णिमा तोंडावर आली तेव्हाची गोष्ट. आभाळ भरून आलेलं. मॅडमचा तो शेवटचाच धडा, कारण पुढे समुद्र खवळणार होता. आम्ही कमरेएवढ्या पाण्याच्या पुढे गेलो नाही. तिनं फळी धरली, मागे वळून एक लाट सोडली, दुसरी सोडली. तिसरीला मला ढकललं, आणि या वेळी ओरडलीच नाही. विसरली की मुद्दाम, मला माहीत नाही. कुणी उभं राहा म्हटलं नाही म्हणून मी उठले. गुडघे आपोआप वाकले, हात पसरले गेले. खालून पाणी पळत होतं आणि मी त्याच्यावर उभी होते. खरंच उभी होते. बायका हसायच्या थांबल्या. मी ओरडले, काय ओरडले ते आठवत नाही. किनारा माझ्याकडे धावत येत होता, आणि तिथं, सुरूच्या झाडांपाशी, दादा उभा होता.

दादा कधी समुद्रावर यायचा नाही. आणि दुपारची एस.टी. येऊन गेली होती.

हे आले, एवढंच माझ्या मनात आलं. फळी तशीच सोडून मी पळत सुटले. मॅडमकडे वळून पाहिलंसुद्धा नाही. दादा काहीतरी म्हणत होता, ते न ऐकता मी ओल्या लुगड्यानं घरापर्यंत धावले. पदर सावरला, केस मागे सारले आणि ओटीवर आले.

ओटीवर माझी पेटी होती.

तीच, हिरव्या रंगाची, झाकणावर लग्नातली कमळं रंगवलेली. धाकटे दीर बोईसरहून घेऊन आले आणि उभ्याउभ्या ठेवून परतीच्या एस.टी.नं लगेच निघून गेले. वहिनीनं चहा विचारला, तोही घेतला नाही. मी दादाला विचारलं, "हे कधी येणार म्हणाले?" दादा म्हणाला, "काही बोलले नाहीत ते." मग पेटी भिंतीशी सरकवत, "येतील गं."

मी पेटी उघडली. सगळं होतं. माझा शालू, चांदीचा करंडा, आईच्या वेळचा तांब्या, आणि तळाशी, मी पहिल्या खेपेला बाळासाठी शिवलेली कुंची. ती मी माळ्यावर, जुन्या अंथरुणांमागे लपवून ठेवली होती. तीही कुणीतरी शोधून काढून, घडी घालून पाठवली होती.

तरी मी रात्री स्वतःची समजूत काढली. सामान जड म्हणून पुढे पाठवलं असेल. इथूनच कुठं बदलीवर जायचं असेल. माणूस काय काय रचतो!

वटपौर्णिमेच्या पहाटे मी उठून न्हाले. आरशापुढे बसून भांग पाडला, सरळ, एक केस इकडचा तिकडे नाही. पेटीतला शालू नेसले. हे घरी असोत नसोत, मी कऱ्हाडात असो की चिंचणीत, वडाला दोरा मला बांधायचाच होता. बाहेर समुद्राचा आवाज इतका मोठा होता की चुलीवरच्या पाण्याला आधण आलेलं ऐकू येत नव्हतं. मावशी म्हणाली होती तसं उधाण आलं होतं.

मी बाहेर आले. वहिनीनं पूजेचं ताट भरलं होतं. एक आंबा, एक सुताची गुंडी, एक हळदकुंकवाची वाटी. एकीचंच. तिनं माझ्याकडे पाहिलं, शालूकडे पाहिलं. तिचा चेहरा एकदम कसनुसा झाला. माझ्याही ताटाचा विचार तिच्या मनात आलाच नव्हता, हे तिला तेव्हाच कळलं असावं, आणि मलाही.

ती आत गेली. मी ओटीवर टेकले. परत आली तेव्हा तिच्या हातात बाळ होतं. टक्क जागं.

"वन्सं," ती खाली मान घालून म्हणाली, "मी वडाला जाऊन येते. तोवर ह्याला जरा धरता का?"

आणि तिनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं.