साडूबुवांचं नाक आणि ताईंचे मासे

आमच्या साडूबुवांच्या नाकाइतकं काळजीखोर नाक अख्ख्या दिल्लीत शोधून सापडायचं नाही. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणारा हा गृहस्थ घरात शिरला की चपला काढण्याआधी हवा हुंगतो. गॅस सुटलाय, वायर जळतेय किंवा दूध नासलंय, यांतलं एक काहीतरी त्यांच्या मते घडलेलंच असतं. एकदा आम्ही दोन्ही कुटुंबं पानिपतला काला अंब बघायला गेलो होतो. स्मारकापुढे आम्ही सगळे हात जोडून उभे आणि हे बाजूला जाऊन शेजारच्या सरदारजींना फोनवर विनवताहेत, "भाईसाब, ज़रा हमारे दरवाज़े पे सूँघ के बताइए, कुछ जल तो नहीं रहा?" सरदारजींनी बिचाऱ्यांनी हुंगलं. काही जळत नव्हतं. तरी परतीच्या वाटेवर साडूबुवांनी प्रसादाचा पेढासुद्धा आधी नाकाशी नेऊन मगच तोंडात टाकला.

तर अशा माणसाच्या गळ्यात ताईंनी आपली फिशटँक बांधली. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. मुलीच्या बाळंतपणासाठी त्या पुण्याला निघाल्या, तेव्हा स्टेशनवर म्हणाल्या, "तुमची काळजी नाही, तुम्ही जेवाल. माझे मासे तेवढे सांभाळा." तीन गोल्डफिश होते, आणि ताईंचा त्यांच्यावर फार जीव. गाडी हलली तेव्हा साडूबुवांचा चेहरा असा झाला होता की बाळंतपण जणू त्यांच्यावरच येऊन पडलंय.

थोड्याच दिवसांत टँकला वास येऊ लागला. पहिल्यांदा कुबट, मग नासल्यासारखा, आणि नंतर जिन्यातच स्वागताला येणारा. साडूबुवांनी टँकपाशी धूप लावला, झाकणावर लिंबाच्या फोडी मांडल्या, कापूर ठेवला. सगळं पाणी उपसून नवं भरलं की एक दिवस बरा जायचा आणि पुन्हा येरे माझ्या मागल्या. त्यात थंडीचा धूर सुरू झाला. सगळी दिल्ली आपापल्या फुप्फुसांच्या चिंतेत असताना यांनी एअर प्युरिफायर आणला आणि त्याचं तोंड माशांकडे करून ठेवलं. सरदारजी एकदा दारात येऊन फार अदबीनं म्हणाले, "भाईसाब, इस बार हमें सूँघने आने की ज़रूरत नहीं, अपने घर बैठे ही बू आ रही है." त्या दिवसापासून साडूबुवा जिना चढता-उतरताना खाली मान घालू लागले.

पण खरी धास्ती वासाची नव्हती. तिघांतला एक मासा पाण्याच्या वर येऊन तोंड उघडमिट करू लागला होता, आणि मधूनच एका कुशीवर कलायचा. ताईंचा रोज व्हिडिओ कॉल यायचा. साडूबुवा उरलेल्या दोघांवरच कॅमेरा फिरवत ठेवायचे आणि तिसरा दगडामागे झोपलाय म्हणून सांगायचे. एकदा फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "तिनं एवढं एकच काम सांगितलं हो." मलाही रात्री झोप लागेना, मासा मेला तर हा माणूस ताईंना तोंड कसं दाखवणार, हेच डोक्यात.

त्या रविवारी मी मुद्दाम त्यांच्याकडेच जेवायला थांबलो. पानावर बसल्यावर त्यांनी ताटाभोवती पाणी फिरवलं, देवाच्या नावानं वरणभात-तुपाच्या इवल्याशा चित्रावती ताटाच्या उजव्या बाजूला घातल्या. वडिलांच्या धाकातली सवय, कधी चुकली नाही. मग त्या चित्रावती बोटांनी अलगद उचलल्या, टँकचं झाकण सरकवलं आणि पाण्यात सोडून दिल्या.

माझा घास हातातच राहिला. ही तुमची रोजची पद्धत का, असं विचारलं तर म्हणाले, दोन्ही वेळची. पूर्वी ताई त्या बाल्कनीत कबुतरांना ठेवायच्या. आता कबुतरं येऊ नयेत म्हणून जाळी बसली, मग घालायच्या कुणाला? अन्न कचऱ्यात टाकवत नाही. "आणि खरं सांगू? एकट्याला घास उतरत नाही. हे काचेपाशी येतात. पंगतीला कुणीतरी आहे असं वाटतं."

मी उठून बाह्या सरसावल्या. तळाचे खडे हलवले तर खालून आंबलेल्या भाताचा चिखलच वर आला. नळीनं तो सगळा ओढून काढला. पाणी सगळं न बदलता थोडंसंच बदललं, फिल्टरचा स्पंज टँकच्याच पाण्यात पिळला, आणि माशांना दोन दिवस चक्क उपास घडवला. साडूबुवांनीही सोबत एक वेळचं जेवण सोडलं. मासा हळूहळू सरळ पोहू लागला. वास गेला. सरदारजी जिन्यात हसून बोलू लागले.

पुढच्या रविवारी ताईंच्या फोनच्या वेळी मी तिथेच होतो. बाळाला सर्दी आहे, अजून महिनाभर तरी निघता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. साडूबुवांनी या खेपेला तिन्ही मासे दाखवले आणि "सावकाश ये" म्हणाले. मग ताट वाढून घेतलं, चित्रावती ताटाशेजारीच राहू दिल्या, आणि घास न घेता हवा हुंगत बसले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही हो. घराला आता कसलाच वास येत नाही."

मी उठलो, स्वयंपाकघरात गेलो, कढईत तेल तापवलं आणि मोहरी-हिंग टाकलं. फोडणीत घालायला काहीच नव्हतं. मोहरी तडतडली, ताई असताना दर रविवारी यायचा तो वास घरभर पसरला, आणि बाहेर साडूबुवांनी पहिला घास घेतला.

"साडूबुवा," तोंडातल्या घासासकट त्यांचा आवाज आला, "गॅस बंद केलात ना?"