गायीच्या श्वासनलिकेची हजामत

आमचे टीमलीड मूळचे पुण्याचे, पण उंटरश्लाइसहाइमला येऊन जर्मनांपेक्षा जर्मन झालेले. ऑफिसच्या किचनमधल्या कपाचा कान कुठल्या दिशेला हवा, यावरही साहेबांचं मत असायचं. मी परभणीकडची जनावरांची डॉक्टर. नवऱ्यामागून इथे आले, घरी बसून पार विटले आणि मोठ्या खटपटीने या कंपनीत लागले. मायक्रोस्कोपच्या स्लाइडच्या फोटोत कुठला थर कुठला, ते सॉफ्टवेअरला शिकवायचं काम. प्रोबेत्साइट, म्हणजे नोकरीची चाचणीची मुदत, चालू होती; कधीही नारळ मिळाला असता. पुन्हा घरी बसायची माझी अजिबात तयारी नव्हती.

पहिली स्लाइड गायीच्या श्वासनलिकेची. आतल्या बाजूला उभ्या पेशींची रांग, तिच्या काठावर सिलियांची, म्हणजे सूक्ष्म केसांची, बारीक झालर, खाली ग्रंथी, त्यापलीकडे कूर्चा. ही झालर सतत हलते आणि धूळ, कफ वर ढकलत राहते, म्हणून गोठ्यातही गायीचा श्वास मोकळा राहतो. किती दिवसांनी बघत होते मी हे!

साहेबांनी नाक मुरडलं. "काठ केवढा घाण दिसतोय! आल्झो, तर हा नॉइज आहे, फोटोतला कचरा. फिल्टर मारू."

"अहो, त्या सिलिया आहेत! नळी साफ ठेवतात त्या."

"कस्टमरला क्लीन इमेज लागते, मॅडम. तुम्हाला इथलं माहीत नाही अजून."

इथलं म्हणे! गाय काय जर्मनीत टक्कल करून श्वास घेते? पुन्हा सांगून पाहिलं, तर म्हणाले, "फीडबॅक नोट केलाय."

डेमोला पशुवैद्यक शिकवणाऱ्या एक प्राध्यापक बाई आल्या. स्क्रीनजवळ जाऊन त्यांनी विचारलं, "सिलिया कुठे गेल्या? गाय आजारी होती का?"

साहेबांनी सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. "लेबलिंग या बघतात. नवीन आहेत, प्रोबेत्साइटवर."

माझ्या डोक्यात सणक गेली. मी उठले, त्यांच्या हातातला माऊस घेतला आणि फिल्टर बंद केला. झालर परत दिसू लागली. "गाय ठणठणीत होती," मी माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हटलं, "तिची हजामत आमच्या फिल्टरने केली."

"गेनाऊ, अगदी बरोबर," बाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या. पुढच्या सगळ्या स्लाइड माझ्याच नजरेखालून गेल्या पाहिजेत, असं त्यांनी जाताना बजावलं. त्यावर माझी नोकरी टिकली. साहेबांच्या भरवशावर राहिले असते तर आज घरी डबे भरत बसले असते.

परवा साहेब एका नवीन मुलीला शिकवत होते. "सिलियांना हात लावायचा नाही. मी पहिल्या दिवसापासून सगळ्यांना हेच सांगतोय."

शेजारच्या टेबलावर मला असा काही खोकला आला की साहेबांना स्वतः उठून पाणी आणावं लागलं.