उशीवरचा खळगा

आधी बाबांचं डोकं घरात येतं आणि मागून बाबा येतात, असं आई म्हणायची. चाळीस वर्षं डोळ्यात भिंग अडकवून ते घड्याळं दुरुस्त करत आले. मान पुढे गेली ती गेलीच. बोटांना मुंग्या यायला लागल्या, तेव्हा मी त्यांना अक्षरशः ओढत फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे नेलं.

बाई म्हणाल्या, "काका, मानेचा विचारच करू नका. डोक्यामागे उशी आहे ना, सगळं लक्ष तिच्याकडे. ती मागे दाबायची, बस्स."

घरी त्यांना ते झकास जमायचं. म्हणून मी दुकानातल्या खुर्चीच्या उंच पाठीलाही तशीच उशी बांधली. पण कधीही डोकावून पाहावं, तर बाबा टेबलावर वाकलेले आणि उशी कोरी करकरीत. माझं डोकंच फिरायचं.

"अगं, लक्ष एकच आहे," ते म्हणायचे. "उशीला दिलं की स्क्रू हरवतो."

महिनाभर भांडून मी नाद सोडला. परवा सहज दुकानात गेले, तर बाबा ताठ बसलेले, डोकं मागे टेकलेलं, नजर समोर दारावर. उशीला मधोमध चांगला खळगा पडला होता. मी तर टाळ्याच वाजवल्या.

"बघा! लक्ष दिलं की जमतं की नाही?"

"जमतं ना," बाबा म्हणाले. "आठवडा झाला, एकही घड्याळ आलेलं नाही."